छताच्या दुरुस्तीतील वाढीव खर्च आणि गृहविम्याचा पूरक दावा : नाशिकच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याला वादळी वारा आणि गारा नवीन नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट, ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकून क्षीण होत उत्तर महाराष्ट्रातून पुढे सरकलेले 'निसर्ग' चक्रीवादळ, २६ नोव्हेंबर २०२३ ची अवकाळी गारपीट या अलीकडच्या ठळक घटना होत. अशा प्रत्येक प्रसंगी चर्चा होते ती द्राक्षबागांची आणि कांद्याची. घराच्या छताची दखल बहुधा तलाठ्याच्या पंचनाम्यापुरतीच राहते. आपत्ती निवारण निधीच्या निकषांप्रमाणे मिळणारी शासकीय मदत ठरावीक रकमेची असते; प्रत्यक्ष खर्चाशी तिचा संबंध नसतो. विमा हे त्याहून वेगळे साधन आहे, कारण तो प्रत्यक्ष हानी भरून देण्याचा करार आहे.

स्वतंत्रपणे घराचा विमा उतरविणारी कुटुंबे आपल्याकडे थोडी आहेत. तथापि गृहकर्ज घेणाऱ्या नोकरदार वर्गाकडे, आणि त्यात प्राध्यापकवर्ग मोठ्या प्रमाणावर आहे, कर्जासोबत आलेले विमापत्र असते. ते बहुधा कर्जाच्या कागदांच्या फाईलमध्येच पडून राहते. छप्पर गळू लागले, वाऱ्याने कौले उडाली की त्याची आठवण होते. दावा दाखल होतो, सर्व्हेअर येऊन पाहून जातो, रक्कम ठरते. त्यानंतर ठेकेदार कौले उतरवितो आणि सांगतो की खालचे वासेही मोडले आहेत, ठरलेल्या रकमेत काम होणार नाही. ही वाढीव रक्कम कोणी द्यावयाची, कोणाकडे मागावयाची आणि कोणत्या टप्प्यावर मागावयाची, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वाढीव मागणी का उद्भवते

छत ही थरांची रचना आहे. जुन्या नाशकातील कौलारू घरात कौलाखाली रीप, रिपेखाली वासे, वासे तोलणारी तुळई आणि आढे असा क्रम असतो. सर्व्हेअर खालून किंवा शिडीवरून पाहतो तेव्हा त्याला वरचा थर आणि फार तर आतील ओल दिसते. कौलाखाली तडकलेला वासा कौले उतरविल्याशिवाय दिसत नाही. काँक्रीटच्या गच्चीवर उभारलेल्या पत्र्याच्या छपराचेही तसेच आहे. पत्रा उडताना हूक ओढले जाऊन लोखंडी कैचीची वेल्डिंग सुटते, ते पत्रा काढल्यावरच कळते. त्यामुळे पहिला अंदाज अपुरा ठरणे हे नेहमीच कोणाच्या लबाडीचे लक्षण नसते.

दुसरे कारण मोजमापाचे आहे आणि ते अनेकदा नजरेआड होते. उतरत्या छताचे क्षेत्रफळ हे खालच्या जमिनीच्या क्षेत्रफळाएवढे नसते. उतार ३० अंशांचा असेल तर छताचे प्रत्यक्ष क्षेत्र सुमारे साडेपंधरा टक्क्यांनी अधिक भरते. घराच्या नकाशावरून ६० चौरस मीटर धरले, तर कौले मात्र सुमारे ६९ चौरस मीटरची लागतात. अशी चूक झाली असल्यास ठेकेदाराची वाढीव मागणी शालेय भूमितीच्या आधारे सिद्ध होते. तेथे वादाला जागा नाही.

परंतु प्रत्येक वाढीव मागणी एकाच जातीची नसते. समजा, पंचवटीतील एका कौलारू घराच्या दुरुस्तीसाठी पहिली रक्कम १,८०,००० रुपये ठरली आणि काम सुरू झाल्यावर ठेकेदाराने आणखी ७४,००० रुपये मागितले. (हे उदाहरण काल्पनिक असून आकडे केवळ विवेचनासाठी घेतले आहेत.) या मागणीत कौलांखाली आढळलेल्या मोडक्या वाशांचे व रिपांचे ३१,००० आहेत, उताराच्या मोजमापातील ९ चौरस मीटरच्या फरकाचे, दर चौरस मीटरला १,००० रुपये या दराने, ९,००० आहेत, पूर्वी नसलेले फळ्यांचे अस्तर नव्याने बसविण्याचे १८,००० आहेत, आणि वाळवीने पोखरलेली जुनी तुळई बदलण्याचे १६,००० आहेत. पहिल्या दोन बाबी त्याच वादळाने झालेल्या हानीच्या आहेत. तिसरी सुधारणा आहे, नुकसानभरपाई नव्हे. चौथी झीज आहे; वाळवीचे काम वादळाच्या कितीतरी आधीपासून चाललेले होते. म्हणजे ७४,००० पैकी विमा कंपनीकडे मागण्याजोगे ४०,००० उरतात.

ठेकेदाराचे देयक मात्र एकाच बेरजेत येते. ही फोड करून घेण्याचे काम घरमालकाचे आहे. ते त्याने केले नाही तर कंपनी करते, आणि मग चांगल्या बाबीही संशयाच्या छायेत येतात.

हक्क कोणाचा

विम्याचा करार घरमालक आणि कंपनी यांच्यात असतो. ठेकेदार त्यात पक्षकार नसतो. त्याचे देयक हा दाव्याचा पुरावा आहे; ते स्वतः दावा नव्हे. आपल्याकडे हे तत्त्व पुष्कळदा विसरले जाते. "विम्यातून निघेल तेवढे लिहून देतो" हे वाक्य ठेकेदाराच्या तोंडून ऐकलेले वाचक थोडे नसावेत. ते सौजन्यापोटी उच्चारले जात असेलही. परंतु विमा हा परमसद्भावाचा करार आहे. विमापत्राच्या शर्तींनुसार दाव्यात कपट आढळल्यास संपूर्ण लाभ जप्त होऊ शकतो. म्हणजे फुगविलेल्या ७४,००० पायी आधीचे रीतसर १,८०,०००ही धोक्यात येतात, आणि ते ठेकेदाराचे नव्हे, घरमालकाचे जातात.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. घरमालकाच्या समक्ष, त्याने न अडविता, मोडके वासे बदलले गेले तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० चा आधार ठेकेदाराला घेता येतो. फुकट करण्याचा हेतू नसलेले काम ज्याने केले आणि ज्याला त्याचा लाभ झाला, त्यांच्यातील भरपाईचे ते कलम आहे. कंपनीने नाकारले म्हणून मालक ठेकेदाराला आपोआप नाकारू शकत नाही. तो दोघांमध्ये सापडतो.

अमेरिकेत हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उद्भवला. तेथे गारपिटीनंतर छताचे ठेकेदार घरोघर जातात आणि कंपनीने मान्य केलेल्या रकमेवर पूरक मागण्या दाखल करणे हा त्यांच्या व्यवसायाचा नित्याचा भाग झाला आहे. टेक्सास राज्याने २०१३ मध्ये कायदा करून, ज्या घराचे काम ठेकेदार करणार आहे त्या घराच्या दाव्यात त्याने मालकाच्या वतीने कंपनीशी वाटाघाटी करण्यास मनाई केली. स्टोनवॉटर रूफिंग या कंपनीने त्यास अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे आव्हान दिले. जून २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. ज्याला कामाचे पैसे मिळावयाचे आहेत त्यानेच नुकसानीचे मोल ठरवू नये, हा त्यामागील विचार आपल्याला परका वाटू नये.

सर्व्हेअर, अतिरिक्त अहवाल आणि मुदती

आपल्याकडे मोल ठरविण्याचे काम विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ यूएम अन्वये परवानाधारक सर्व्हेअरकडे सोपविलेले आहे. मात्र त्याच कलमाने कंपनीला सर्व्हेअरने ठरविलेल्या रकमेहून वेगळी रक्कम देण्याचा अधिकारही राखून ठेवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार (२००९) या प्रकरणात सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नसल्याचे स्पष्ट केले, तर त्याच वर्षी श्री व्यंकटेश्वर सिंडिकेट प्रकरणात मनाजोगता अहवाल मिळेपर्यंत कंपनीला एकामागून एक सर्व्हेअर नेमता येणार नाहीत असे सांगितले. पहिला अंदाज दगडावरची रेघ नाही, एवढे यातून निश्चित होते.

पूरक हानीसाठी नियमांत काय जागा होती, हे २००२ च्या विमाधारक हितसंरक्षण विनियमांत पाहावयास मिळते. सर्व्हेअरचा अहवाल अपूर्ण वाटल्यास कंपनीने तो मिळाल्यापासून १५ दिवसांत, विमाधारकास कळवून, अतिरिक्त अहवाल मागवावा आणि ही सवलत एका दाव्यात एकदाच वापरावी, अशी ती तरतूद होती. येथे पुढाकार कंपनीचा आहे, विमाधारकाचा नाही. कौले उतरविल्यावर काय सापडले हे ज्याला सर्वांत आधी कळते, त्याच्या हाती या तरतुदीने काहीच दिले नव्हते. त्या विनियमांची जागा २०१७ मध्ये व पुढे २०२४ मध्ये नव्या विनियमांनी घेतली आणि २०२४ च्या परिपत्रकांनी सर्वेक्षणाच्या व निर्णयाच्या मुदती आणखी आखूड केल्या. विलंबाने गांजलेल्या विमाधारकाच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे. परंतु छताच्या बाबतीत त्याचा एक अनपेक्षित परिणाम संभवतो. अहवाल जितका लवकर पूर्ण होईल, तितके छत उघडण्यापूर्वीच मूल्यांकन संपण्याची शक्यता अधिक.

म्हणून टप्पा महत्त्वाचा ठरतो. मोडका वासा दिसताच काम थांबवून छायाचित्रे घ्यावीत, कंपनीस व सर्व्हेअरला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि फेरपाहणी होईपर्यंत तो भाग झाकू नये. काढलेले वासे जळणात देऊ नयेत, ही सूचना क्षुल्लक वाटेल; पण पुरावा तोच असतो. पाऊस तोंडावर असेल तर ताडपत्री घालून उरलेले घर वाचविणे हेही मालकाचे कर्तव्यच आहे, त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

'पूर्ण व अंतिम'

सर्वाधिक नुकसान होते ते सहीमुळे. रक्कम देताना कंपनी डिस्चार्ज व्हाउचरवर दावा पूर्णपणे व अंतिमतः मिटल्याची सही घेते. छत उघडण्यापूर्वी ही सही दिली की पुढील ४०,००० रुपयांसाठी प्रथम त्या सहीशीच झगडावे लागते. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन (१९९९) या निकालानुसार फसवणूक, गैरप्रभाव किंवा दडपण यांखाली सही घेतली असल्याचे सिद्ध झाल्यास ती आड येत नाही. २०१५ मध्ये नियामक प्राधिकरणानेही विमाधारकाचे तोंड बंद करण्यासाठी व्हाउचरचा वापर करू नये असे कंपन्यांना बजावले. परंतु दडपण सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर राहतो, आणि सुशिक्षित पदवीधराने 'मला समजले नाही' असे म्हणणे न्यायासनापुढे फारसे टिकत नाही. त्यापेक्षा सहीसोबतच 'उघडकीस न आलेल्या हानीचा हक्क राखून' असे लिहिणे, आणि कंपनी ते मान्य करीत नसल्यास तसे वेगळ्या पत्राने कळविणे, अधिक शहाणपणाचे होय.

विमापत्र कोणते, यावरही पुष्कळ अवलंबून

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' हे प्रमाणित विमापत्र लागू झाले. तत्पूर्वीच्या आग व विशेष संकट विमापत्रात सरासरीचे कलम होते. घराची किंमत २० लाख आणि विमा १२ लाखांचा असल्यास हानीच्या ६० टक्केच रक्कम मिळे. म्हणजे आपल्या उदाहरणातील ४०,००० चे २४,००० होत. नव्या विमापत्रात अपुऱ्या विम्याची ही कपात केली जात नाही, विम्याची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते आणि मलबा हलविण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, तर वास्तुविशारद व अभियंता यांच्या शुल्कासाठी ५ टक्क्यांपर्यंत तरतूद आहे. मात्र दावा तयार करण्याचा खर्च त्यातून वगळलेला आहे. दाव्याचे कागद तयार करून देण्याबद्दल ठेकेदाराने लावलेले शुल्क त्यामुळे मालकाच्याच खिशातून जाते.

सदनिकाधारकांची अडचण निराळी आहे. गंगापूर रोड किंवा इंदिरानगर परिसरातील इमारतीची गच्ची संस्थेच्या मालकीची असते. वरच्या मजल्यावरील सभासदाचे वैयक्तिक विमापत्र तिच्या दुरुस्तीस सहसा उपयोगी पडत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी इमारतीचा विमा सक्तीचा केला आहे तो आग व भूकंप यांपुरता. वादळाचा उल्लेख तेथे नाही. संस्थेचे विमापत्र प्रत्यक्षात काय व्यापते हे वार्षिक सभेत विचारण्याजोगे आहे, आणि ते विचारणारा सभासद क्वचितच आढळतो. कर्ज शिल्लक असल्यास आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. विमापत्रावर बँकेचे कलम असेल तर दाव्याची रक्कम प्रथम बँकेकडे जाऊ शकते. ठेकेदाराला तारीख देण्यापूर्वी बँकेशी बोलून घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.

नकार आल्यास

पूरक दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी निवेदन द्यावे लागते. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. नाशिकसाठी हे कार्यालय पुणे येथे आहे. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावयाची असते. शुल्क नाही, वकील नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. दुसरा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाचा असून तेथे मुदत दोन वर्षांची आहे. दोन्ही ठिकाणी तक्रारदार विमाधारकच असावा लागतो. ठेकेदाराने आपल्या लेटरहेडवर पाठविलेला अर्ज तेथे चालत नाही. त्याचे बाबवार देयक, छत उघडे असतानाची छायाचित्रे आणि सर्व्हेअरला पाठविलेल्या पत्राची पोच मात्र तक्रारीसोबत जोडावी लागते.