टर्बोची हवा गेली कुठे?

सायकलचं पंक्चर कसं शोधतात ते तुम्ही पाहिलंच असेल. ट्यूब बाहेर ओढायची, पंपानं हवा भरायची आणि घमेल्यातल्या पाण्यात बुडवून हळूहळू फिरवायची. बुडबुडे आले की सापडलं भोक! आता मी म्हटलं, की शर्यतीच्या मोटारीचं दुखणंसुद्धा याच युक्तीनं सापडतं, तर तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! पण मी ते डोळ्यांनी पाहिलंय, पुण्यातल्या एका गॅरेजात.

गाडी माझ्या मामेभावाची. कोणत्या कंपनीची, ते जाऊ द्या. तिचं इंजिन टर्बोचं. ‘टर्बो’ ही अक्षरं तुम्ही गाड्यांच्या पाठीवर वाचली असतील, पण आत असतं काय? इंजिनाला पेट्रोल जाळायला हवा लागते. साधं इंजिन ती आपल्यासारखी ओढून घेतं, मिळेल तेवढी. आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली एका भन्नाट कल्पनेचं पेटंट घेतलं. इंजिनातून जो गरम धूर फुकट बाहेर जातो, त्याच्या झोतावर एक चक्र फिरवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र बसवायचं, आणि त्यानं ताजी हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त! आपल्या घरातला पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फेरे घेतो. टर्बोचं चक्र जोरात असताना लाखाच्या वर जातं.

आपल्या भोवतीच्या हवेचा दाब साधारण १ बार असतो. टर्बो त्याच्या वर जो दाब चढवतो, त्याला म्हणतात बूस्ट. मामेभावानं गाडीत बरेच बदल केले होते. रुंद पाइप, मोठा इंटरकूलर आणि बूस्ट वाढवायचा एक पितळी स्क्रू. (अशी बदललेली गाडी रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही बरं का! म्हणून ती ट्रकवर चढवून धावपट्टीवरच्या शर्यतींना नेतात.) काट्यावर १ बार बूस्ट दिसायला हवा होता. पण काटा ०.५ वर यायचा आणि तिथंच रुसून बसायचा. पठ्ठ्यानं स्क्रू दोन फेरे आवळून पाहिला. काटा ढिम्म!

“टर्बो गेला,” मित्र म्हणाले. नवा टर्बो म्हणजे हजारोंचा खड्डा. शर्यत आठ दिवसांवर. भावाचं तोंड एवढंसं झालं.

तुम्ही मेकॅनिक असता तर काय केलं असतं?

गॅरेजवाल्या काकांनी पाना उचललाच नाही. त्यांनी विचारलं, “शेवटचं काय बदललंस?”

“इंटरकूलरचे पाइप.”

“आणि दुखणं कधीपासून?”

“त्यानंतरच… पण काका, पाइप तर नवेकोरे आहेत!”

काका नुसतेच हसले. मग त्यांनी आधी काट्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. काटाच खोटं बोलत असेल तर? गाडीच्या स्वतःच्या सेन्सरचे आकडे लॅपटॉपवर आणले. तिथंही ०.५. म्हणजे काटा बिचारा खरं बोलत होता.

आता दुसरा संशयित, वेस्टगेट. आईच्या कुकरची शिट्टी आठवा. दाब फार झाला, की ती वर उचलली जाते आणि वाफ सुटते. टर्बोलाही असंच एक छोटं दार असतं. स्प्रिंग ते मिटून धरते. बूस्ट ठरलेल्या आकड्याला पोचला, की एका बारीक नळीतून तो दाब स्प्रिंगला ढकलतो, दार उघडतं आणि थोडा धूर चक्राला बगल देऊन निघून जातो. दार उघडंच अडकलं तर बूस्ट चढत नाही. उलट ती बारीक नळी निसटली तर दार उघडतच नाही आणि बूस्ट भलताच चढतो!

इथं काकांनी मला कोडं घातलं. “या गाडीची स्प्रिंग ०.७ बारची. तो पितळी स्क्रू त्याच्यावरचा बूस्ट वाढवतो. आता सांग, स्क्रू पार ढिला पडला, तर काटा कुठं थांबेल?”

जरा थांबा, तुम्हीही विचार करा.

बरोबर, ०.७ वर! त्यापुढे जाणार नाही, पण तिथवर पोचेलच. आपला काटा तर ०.५ वरच अडकलेला. म्हणजे स्क्रू निर्दोष. एक तर दार उघडं आहे, नाहीतर टर्बो दमलाय, नाहीतर दाबलेली हवा वाटेतच कुठंतरी पळतेय. काकांनी हातपंपानं दाब देऊन दाराचा दांडा हलवून पाहिला. दार ठणठणीत. मग थंड इंजिनावर टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून चक्राचा दांडा दोन बोटांत धरून हलवला. किंचित हलतो, पण पाती कुठं घासत नाहीत. टर्बोही सुटला.

यावरून एक जुनी गोष्ट आठवली. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर नावाची टर्बोची गाडी निघाली. हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम लागतो ना, तसंच. फार तापलेल्या हवेत पेट्रोल भलत्या वेळी पेटतं, आणि हातोडीचे घाव बसावेत तसे ठोके इंजिनात बसतात. म्हणून त्या गाडीत पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण फवारत. मिश्रणाची टाकी रिकामी झाली, की एक झडप बूस्ट रोखून धरायची, इंजिन वाचावं म्हणून. पण कितीतरी मालक टाकी भरायलाच विसरायचे आणि गाडीत दम नाही अशी कुरकुर करायचे! पुढे बऱ्याच गाड्यांचे टर्बो चक्क काढून टाकले गेले. औषध काय, तर टाकी भरणं!

असो. गॅरेजात परत येऊ. काकांनी बंपर उतरवला, टर्बोचं तोंड एका घट्ट बुचानं बंद केलं आणि बुचातल्या नळीतून कॉम्प्रेसरची हवा हळूहळू आत सोडली. इंजिन बंद, बरं का. (हे घरी करून पाहायचं नाही! दाबानं बूच उडालं तर बंदुकीच्या गोळीसारखं येतं. काकांनी आम्हांलाही बाजूला उभं केलं होतं.) मग बादलीत शाम्पू फेसला आणि ब्रशनं एकेका सांध्याला चोपडला.

०.२ बार. काही नाही.

०.३. काही नाही. भाऊ पुटपुटला, “टर्बोच गेलाय.”

०.५! बंपरमागच्या एका सांध्याला द्राक्षाच्या घडासारखा फेस फुटला. फुस्स!

चोर सापडला. नवा ॲल्युमिनिअमचा पाइप टोकाला अगदी गुळगुळीत होता, वर तेलाचा ओशटपणा. रबरी नळी त्याच्यावर क्लिपनं आवळलेली होती, पण नळीला अडवायला टोकाशी उंचवटाच नव्हता. कमी दाबात ती गप्प बसायची. दाब वाढला, की कड उचलली जायची आणि हवा बाहेर. पाठच्या वेल्डरकडून पाइपाच्या टोकाला बारीक उंचवटा करून आणला, तेल पुसलं, नवी क्लिप लावली. झालं!

भाऊ उडी मारून गाडीत बसला आणि त्यानं किल्लीला हात घातला.

“उतर खाली,” काका ओरडले. तेवढ्या वेळात पहिल्यांदाच.

का? ओळखा! अहो, तो स्क्रू! गळती असताना त्यानं तो दोन फेरे आवळून ठेवला होता. गळती होती तोवर त्याचा परिणाम दिसला नव्हता. आता गळती बंद. पाय दाबला असता, तर काटा १ वर थांबला नसता. तेच हातोडीचे घाव, आणि काही क्षणांत वितळलेला पिस्टन. दुरुस्त झालेल्या गाडीनंच इंजिन खाल्लं असतं. भाऊ पांढरा पडला.

काकांनी स्क्रू पार ढिला केला. गाडी रोलरवर चढवली, चाकं जागच्या जागी फिरू लागली. काटा चढला आणि ०.७ वर थांबला, स्प्रिंग सांगते तिथंच. मग पाव फेरा आवळायचा, लॅपटॉप पाहायचा, पुन्हा पाव फेरा. १ बारला पोचायला संध्याकाळ झाली.

बिलात एक क्लिप, थोडं वेल्डिंग आणि काकांची मजुरी. बादलीत शाम्पूचं पाणी उरलं होतं. त्यानं काकांनी भावाकडून गाडीच्या काचा पुसून घेतल्या.