पत्त्यांची दुनिया (लेखांक ९) : काही खेळाडू होल्डेम सोडून स्टड का खेळतात?

सात पानी स्टड या पोकरच्या प्रकारात प्रत्येक भिडूला स्वतःची सात पाने मिळतात. त्यांतली चार सगळ्यांसमोर उताणी पडतात आणि तीन उपडी राहतात. टेक्सास होल्डेमची मांडणी वेगळी आहे. तिथे भिडूच्या हातात दोनच उपडी पाने असतात आणि टेबलाच्या मधोमध उघडली जाणारी पाच पाने सगळ्यांची सामाईक असतात. शेवटी दोन्हींत सातांतली उत्तम पाच पाने निवडून जोडी, सिक्वेन्स, कलर किंवा फुल हाऊस दाखवायचे असते. आज पोकर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे होल्डेमच येतो, तरी काही मुरलेले खेळाडू स्टडलाच धरून आहेत. त्यांच्या पसंतीची कारणे पाने वाटण्याच्या या फरकात दडलेली आहेत.

तीन पत्ती खेळणाऱ्याला स्टडची सुरुवात ओळखीची वाटेल. बुटासारखी एक छोटी रक्कम सगळ्यांनी आधीच टाकायची. मग प्रत्येकाला दोन पाने उपडी आणि एक उताणे. ज्याचे उताणे पान सर्वांत हलके, त्याने सक्तीची पहिली बोली लावायची. चौथे, पाचवे आणि सहावे पान उताणे येते, सातवे पुन्हा उपडे. तिसऱ्या पानापासून प्रत्येक पानानंतर बोलीची एक फेरी होते, म्हणजे एका डावात पाच फेऱ्या. होल्डेममध्ये त्या चार असतात. चौथ्या पानापासून ज्याची उताणी पाने सर्वांत भारी दिसतात, तो आधी बोलतो.

आता एक हात जवळून पाहू. टेबलावर आठ जण आहेत आणि एका भिडूला पहिली तिन्ही पाने बदामाची आली आहेत. कलर लागायला पुढच्या चार पानांत किमान दोन बदाम हवेत. इतरांची पाने दिसलीच नसती, तर ही शक्यता सुमारे १८ टक्के असती. पण स्टडमध्ये बाकी सात जणांचे एकेक पान समोर उताणे पडलेले असते. त्या सातांत एकही बदाम नसेल, तर न दिसलेल्या ४२ पानांत दहाही बदाम शिल्लक आहेत आणि शक्यता २३.६ टक्क्यांवर जाते. त्याच सातांत तीन बदाम दिसले, तर ती १२ टक्क्यांवर घसरते. हातातली पाने अगदी तीच, पण शेजाऱ्यांकडे काय दिसते त्यावरून त्यांच्या मोलात जवळपास दुपटीचा फरक पडतो. राजांची जोडी आली आणि उरलेले दोन्ही राजे समोरच्यांकडे उताणे दिसले, तर त्या जोडीचे तीन राजे कधीच होणार नाहीत. ते पहिल्या फेरीतच कळते.

होल्डेममध्ये असे काही दिसत नाही. मधली पहिली तीन पाने उघडल्यावर एखाद्याची एकाच रंगाची चार पाने झाली, तर पुढच्या दोन पानांत कलर लागण्याची शक्यता ३५ टक्के. प्रत्येक टेबलावर, प्रत्येक वेळी तीच. हा आकडा पाठ करता येतो. स्टडमधला आकडा दर डावात नव्याने काढावा लागतो, आणि स्टडप्रेमींना नेमके तेच आवडते.

त्यात आणखी एक मेख आहे. एखाद्याने पॅक केले की त्याची उताणी पानेही उचलून उपडी टाकली जातात. पाचव्या पानापर्यंत टेबलावर तीन-चार जणच उरतात आणि तोवर डझनभर पाने येऊन गेलेली असतात. कोणती चौकट गेली, दोन अठ्ठ्या कुणाकडे होत्या, हे ज्याच्या डोक्यात राहिले त्यालाच पुढचा हिशेब जमतो. होल्डेममध्येही स्मरणशक्ती लागते, पण ती माणसांविषयी: कोण कधी वाढवतो, कोण कधी घाबरतो. स्टडमध्ये हे सगळे हवेच, शिवाय गेलेली पानेही लक्षात हवीत.

महाराष्ट्रातल्या पत्तेबाजाला हे कसब परके नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. तिथे हुकूम हा प्रकारच नाही. कोणते मोठे पान पडून गेले आणि कोणते अजून हातात आहे, हे ध्यानात ठेवणाराच डाव काढतो. मेंढीकोटात चार दश्श्यांवर नजर ठेवून हुकूम मोजणारा भिडू सगळ्यांनाच आपल्या बाजूला हवा असतो. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-वरोरच्या पट्ट्यातही गणपतीच्या जागरणाला पत्ते पिसले जातात. तिथे मेंढीकोट किंवा रमी खेळलेल्या माणसाला स्टडचे टेबल दाखवले, तर काय पाहायचे ते त्याला फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरे कारण पैशाचे. आजचा बहुतेक होल्डेम 'नो-लिमिट' असतो. कोणत्याही क्षणी कुणीही समोरची सगळी रास पुढे लोटू शकतो. तासभर शहाणपणाने खेळलेला माणूस एका डावात कोरा होऊ शकतो. स्टड बहुधा ठरलेल्या बोलीने खेळतात: पहिल्या दोन फेऱ्यांत लहान बोली, पुढच्या तीन फेऱ्यांत तिच्या दुप्पट, आणि एका फेरीत किती वेळा वाढवायचे यालाही मर्यादा. इथे एका चुकीने घर बुडत नाही आणि एका धाडसाने राज्यही मिळत नाही. लहान लहान अचूक निर्णयांची बेरीज होत जाते. ज्याला धाकदपटशाचा खेळ नको, त्याला ही चाल मानवते.

तिसरे कारण न्यायाच्या भावनेशी जोडलेले आहे. होल्डेममध्ये मधली पाच पाने सर्वांचीच असल्याने दोघांचे हात बरेचदा जवळपास सारखे होतात. दोघांकडे एक्क्याची जोडी, आणि निकाल लावते सोबतचे पान. सामाईक पानाने एकाचे भले होते तेव्हा दुसऱ्याचेही होऊ शकते. स्टडमध्ये प्रत्येकाचे पान प्रत्येकाचेच. शिवाय होल्डेममध्ये वाटणाऱ्याच्या जागेवर बसलेला भिडू पाने उघडू लागल्यावर प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो आणि हा मोठा फायदा त्याला डावभर मिळतो. स्टडमध्ये बोलण्याचा क्रम उताण्या पानांवरून ठरत असल्याने तो एकाच डावात पालटू शकतो.

स्टडची थापही निराळी असते. समोरच्याचे पहिले उताणे पान राणी होते आणि पाचवे पानही राणीच आले, तर त्याच्या उपड्या पानांत तिसरी राणी असावी, असा संशय सगळ्यांना येतो. ती नसली तरी तो संशय वापरता येतो. अर्थात हीच पाने त्याच्या विरोधातही बोलतात: विस्कळीत उताणी पाने घेऊन भारी हाताचा आव आणला, तर कुणी फसत नाही.

एवढे गुण असूनही स्टड मागे पडला, कारण होल्डेम अधिक सोयीचा ठरला. होल्डेमच्या टेबलावर नऊ-दहा जण बसतात. स्टडला आठ जणांतच पाने पुरेनाशी होतात: आठ सत्ते छप्पन, आणि जोड बावन्न पानांचा. सगळे शेवटपर्यंत टिकलेच, तर सातवे पान सर्वांत मिळून एकच उघडावे लागते. वाटायची पाने जास्त म्हणून डावही लांबतो, आणि कॅसिनोची कमाई डावांच्या संख्येवर असते. १९७० साली लास वेगासमध्ये सुरू झालेल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत नो-लिमिट होल्डेमच रुजला. मग दूरचित्रवाणी आली. १९९९ साली ब्रिटनच्या 'लेट नाइट पोकर' कार्यक्रमाने उपडी पाने प्रेक्षकांना दाखवली. दोन पाने पडद्यावर सहज मावतात. सहा-सात जणांची सात-सात पाने मावत नाहीत. २००३ मध्ये इंटरनेटवरच्या स्वस्त पात्रता फेरीतून आलेला ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस ८३९ स्पर्धकांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्यानंतर नव्या खेळाडूंची लाट आली ती होल्डेमचीच.

तरीही जाणकारांनी स्टडला बाजूला टाकलेले नाही. पोकरपटू डॉइल ब्रन्सनच्या 'सुपर सिस्टम' या गाजलेल्या पुस्तकातला सात पानी स्टडचा भाग चिप रीझ या खेळाडूने लिहिला. २००६ साली वर्ल्ड सिरीजमध्ये ५० हजार डॉलर प्रवेश शुल्काची 'हॉर्स' ही पाच प्रकारांची स्पर्धा प्रथम झाली, ती जिंकणाराही रीझच. त्या पाचांपैकी तीन प्रकार स्टडच्या घराण्यातले आहेत: साधा स्टड, सर्वांत हलका हात जिंकतो तो रॅझ, आणि भारी-हलका दोघांत रक्कम वाटणारा प्रकार. सर्वांगाने तयार असलेला खेळाडू शोधायचा तर स्टडची परीक्षा हवीच, हे यातून स्पष्ट होते.

भारतात या भेदाला कायद्याचीही बाजू आहे. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. ही कसोटी लावली, तर होल्डेमपेक्षा स्टडची बाजू नक्कीच भक्कम दिसते. न्यायालयांत मात्र वाद झाला तो एकूण पोकरवर आणि विशेषतः होल्डेमवर. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांच्या जुगारबंदीचे मूळ १८८७ चा मुंबईचा कायदाच. त्या कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकर हा जुगारच असल्याचा निर्णय दिला. महाराष्ट्राने १९७६ मध्ये केलेला कॅसिनो कायदा कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द केला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य असो वा नशीब, सरसकट बंदी घातली. शेजारच्या गोव्यात मांडवीवरची जहाजे आहेत, ज्यांना १९९६ च्या दुरुस्तीने वाट करून दिली. तिथल्या पोकरच्या टेबलांवर प्रामुख्याने होल्डेम आणि ओमाहा हे पोकरचे प्रकार चालतात.

त्यामुळे मराठी वाचकाला स्टड शिकायचा तर तो घरी, पैशांविना. नो-लिमिट होल्डेम असा खेळला की त्यातला जीवच जातो, कारण सगळी रास पणाला लागण्याची भीतीच उरत नाही. स्टडचे तसे नाही. पाने पाहण्याचा आणि मोजण्याचा भाग चिंचोक्यांवरही शाबूत राहतो. प्रत्येकाला दोनशे चिंचोके द्यावेत. बूट एक, सक्तीची पहिली बोली दोन, लहान बोली चार, मोठी आठ, आणि एका फेरीत तीनदाच वाढवायची मुभा. कुणी न वाढवता शेवटपर्यंत टिकणाऱ्याचे एका डावात ३१ चिंचोके जातात. सुरुवातीला चार-पाच भिडू पुरेत, आणि नवशिक्याने आधी फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवायचा सराव करावा: आपल्या रंगाची किती पाने गेली आणि आपल्या जोडीची किती.