कॉर्टिसॉलचे घड्याळ आणि मुलांचे मन

'ताणाचे संप्रेरक' या नावाने कॉर्टिसॉलची बदनामीच अधिक झाली आहे. वास्तविक ताणाच्या प्रसंगी धावून येणे हे त्याचे नैमित्तिक काम. नित्याचे काम म्हणजे शरीराला दिवसासाठी सज्ज करणे. एवढे ध्यानात आले, तर मुलांच्या 'हट्टा'कडे आणि 'आळसा'कडे आपण निराळ्या दृष्टीने पाहू लागू, असे मला बालरोगतज्ज्ञ म्हणून वाटते.

मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये एक लहानसा पेशीपुंज आहे. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर हे घड्याळ रोज लावले जाते. त्याचा संदेश पिट्यूटरी ग्रंथीमार्फत मूत्रपिंडांच्या टोकावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना पोहोचतो. मध्यरात्रीच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल सर्वांत कमी असते. पहाटे ते चढू लागते, जाग आल्यावर अर्ध्यापाऊण तासात आणखी एक उसळी घेते आणि मग दिवसभर ओसरत जाते. म्हणूनच त्याच्या तपासणीसाठी रक्त सकाळी आठच्या सुमारास घेतात. कुशिंग विकाराची शंका असल्यास मात्र रात्री उशिराची लाळ तपासतात, कारण त्या विकारात रात्रीची ओहोटीच नाहीशी होते. अशा जैविक घड्याळांची पेशीतील यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नवजात अर्भकाला ही लय नसते. ती पहिल्या काही महिन्यांत हळूहळू जुळते. त्यामुळे रात्रीचा दिवस करणाऱ्या बाळाच्या आईला मी सांगतो, की दिवसा खोलीत भरपूर उजेड येऊ द्या, रात्री दिवा मंद ठेवा आणि धीर धरा. उजेडाइतकीच मायाही लागते. रुमानियातील अनाथालयांत वाढणाऱ्या बालकांची १९९० च्या दशकात तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात कॉर्टिसॉलची नेहमीची भरती-ओहोटी आढळली नाही. अन्न व निवारा होता. कुशीत घेणारे एक ठरलेले माणूस नव्हते.

किशोरवयात घड्याळ पुन्हा सरकते. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा स्रवू लागते. मुलाला अकरापर्यंत झोप येत नाही. जानेवारीत आपल्या इंदुरात सूर्योदय सातच्या सुमारास होतो, आणि शाळेची बस कित्येकदा त्याआधीच दारात उभी असते. अशा मुलाची सकाळची चिडचिड हा स्वभावदोष नव्हे, ती अपुरी झोप आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये किशोरांच्या शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत अशी शिफारस केली. शेजारच्या महाराष्ट्राने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा आदेश काढला. मोठ्या मुलांचा प्रश्न मात्र उरलाच आहे.

मनःस्थितीची सारी सूत्रे एकट्या कॉर्टिसॉलच्या हाती नाहीत. झोप, भूक व घरातील वातावरण यांचाही वाटा असतो. निरोगी माणसाचा उत्साह साधारणतः सकाळपासून वाढत जातो व रात्री उतरतो. तीव्र नैराश्याच्या एका प्रकारात मात्र पहाटेच जाग येते, सकाळ सर्वांत जड जाते आणि संध्याकाळी थोडे बरे वाटते. "काल संध्याकाळी तर हसत होता, सकाळी शाळेच्या वेळीच नाटक करतो," असे पालक म्हणतात, तेव्हा आपण सावध व्हावे. हे नाटक नसून आजाराचीच लय असू शकते. असे दोन आठवडे चालले, तर मुलाशी एकांतात बोलणे व मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

स्टेरॉइड औषधांनाही हेच घड्याळ लागू आहे. नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या मुलाला एक दिवसाआड द्यावयाची प्रेडनिसोलोनची मात्रा आपण सकाळी एकदाच देतो. ती रात्री दिल्यास पहाटेची नैसर्गिक भरती अधिक दबते आणि झोपही बिघडू शकते. दीर्घकाळ चाललेली गोळी 'आता बरे आहे' म्हणून घरच्या घरी एकदम बंद करणे तर फारच धोक्याचे. सुस्तावलेल्या ॲड्रिनल ग्रंथी पूर्ववत होण्यास काही आठवडे, कधी महिने लागतात. त्या काळात तीव्र ताप, उलट्या किंवा शस्त्रक्रियेचा प्रसंग आला, तर रक्तदाब व साखर खाली जाऊन मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून पालकांनी ही माहिती प्रत्येक डॉक्टरांना आवर्जून सांगावी, आणि आपण डॉक्टरांनी ती मुलाच्या फाइलवर ठळक लिहावी.

मुलाची तक्रार ऐकताना 'काय होते?' हे आपण विचारतोच. 'केव्हा होते?' हेही तितक्याच आस्थेने विचारावे, एवढीच विनंती. निदानाची दिशा अनेकदा त्या उत्तरातच सापडते.