विश्लेषण : कॉम्पॅक्ट सोडून डीएसएलआर घ्यावा का? बोनस खर्च करण्याआधी हे समजून घ्या

चाकण एमआयडीसीत कंत्राटी कामगार असलेल्या माझ्या मावसभावाने दिवाळीच्या आठवड्यात मला एक फोटो पाठवला. उन्हाळ्यातल्या यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीचा. फोटोत घाट होता, धुरळा होता आणि उजव्या कोपऱ्यात एक शेपूट होतं. बैल नव्हते. मामांनी दोन वर्षं जिवापाड सांभाळलेल्या खोंडाची ती पहिली बारी होती आणि हा पठ्ठ्या त्यासाठी सकाळपासून उन्हात उभा होता. फोटोखाली एकच ओळ : ‘दादा, बोनस आलाय. डीएसएलआर घेऊ का?’

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये राज्यातल्या बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून खेड, आंबेगाव, जुन्नरच्या घाटांवर गर्दी परतली आहे आणि गाडामालकांना आपल्या बैलांचे चांगले फोटो हवे आहेत. शिवाय घरचं लग्न, पालखी, भीमाशंकरचा शेकरू आहेच. पण बोनस वर्षातून एकदाच येतो. म्हणून निर्णयाआधी काही गोष्टी समजून घेऊ.

फोटोत बैलांऐवजी शेपूट का आलं?

साधं गणित करू. समजा बैल ताशी ४० किलोमीटर वेगाने धावतायत. म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचं बटण दाबलं की तो आधी फोकस शोधतो, मग फोटो घेतो. यात अर्धा सेकंद गेला, तर तेवढ्यात बैल साडेपाच मीटर पुढे गेलेले असतात.

डीएसएलआरमध्ये फोकससाठी वेगळा सेन्सर असतो. विषय पुढे सरकलाय की मागे, हे तो थेट ओळखतो, त्यामुळे लेन्स चाचपडत बसत नाही. हा उशीर दशांश सेकंदावर आला, तर बैल जेमतेम एक मीटर पुढे सरकतात. म्हणजे फ्रेममध्येच राहतात.

दुसरा मुद्दा उन्हाचा. चैत्रातल्या दुपारी कॉम्पॅक्टच्या स्क्रीनवर काहीच धड दिसत नाही. डीएसएलआरमध्ये लेन्समधून येणारा प्रकाश आरशावरून थेट डोळ्यापर्यंत पोहोचतो. ऊन कितीही असो, समोरचं दृश्य त्याच क्षणी दिसतं.

फोटो हलण्याचं कारण मात्र वेगळं. शटर एक-साठांश सेकंद उघडं राहिलं, तर त्या वेळात बैल १८ सेंटिमीटर सरकतो आणि फोटो पुसट येतो. शटर एक-हजारांश सेकंदावर ठेवलं, तर तो सरकतो सेंटिमीटरभर. भर उन्हात ही सेटिंग बऱ्याच कॉम्पॅक्टमध्येही जमते. ‘स्पोर्ट्स’ मोड किंवा शटरचा वेग स्वतः ठरवायचा ‘एस’ किंवा ‘टीव्ही’ मोड तुमच्या कॅमेऱ्यात आहे का, ते आधी बघा. मागच्या बारीच्या वेळी घाटातल्या एका ठरावीक खुणेवर बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवला आणि ‘भिर्रर्र’ झाल्यावर बैल त्या खुणेपाशी येताच बटण पूर्ण दाबलं, तर कॉम्पॅक्टचा बराचसा उशीर फुकटात कमी होतो.

मेगापिक्सेल सारखेच, मग फरक कशात?

फरक सेन्सरच्या आकारात आहे. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो. म्हणजे क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटरच्या आसपास. सुरुवातीच्या श्रेणीतल्या डीएसएलआरचा सेन्सर सुमारे २२ बाय १५ मिलिमीटर, म्हणजे ३३० चौरस मिलिमीटर. जवळपास बारा पट.

पावसाचं पाणी वाटीत धरलं आणि परातीत धरलं, तर परातीत जास्त जमतं. प्रकाशाचंही तसंच. कमी उजेडात कॉम्पॅक्टच्या फोटोत जे रंगीत कण दिसतात, ते मोठ्या सेन्सरवर बरेच कमी होतात.

मेगापिक्सेलचा हिशोबही करून बघा. चार बाय सहा इंची प्रिंट चांगल्या दर्जाची काढायला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. बारा बाय अठरा इंची अल्बमच्या पानाला साधारण १९ लागतात. फोटो फक्त व्हॉट्सॲपवर जाणार असतील, तर २४ मेगापिक्सेलसाठी पैसे मोजून फारसा उपयोग नाही.

डीएसएलआर घेतला की झूम वाढतो का?

सर्वात जास्त लोक फसतात ते इथेच. ३०एक्स झूमचा कॉम्पॅक्ट साधारण ७२० मिलिमीटर लेन्सइतकं लांबचं जवळ आणतो. डीएसएलआरच्या खोक्यात सहसा १८-५५ची लेन्स येते. लहान सेन्सरमुळे तिचा आवाका वाढतो, पण तोही ८०-९० मिलिमीटरच्या हिशोबातच. म्हणजे भिगवणचे फ्लेमिंगो ज्या कॉम्पॅक्टमध्ये फ्रेमभर दिसायचे, ते नव्या महागड्या कॅमेऱ्यात गुलाबी ठिपके दिसतात.

लांबचं टिपायचं, तर ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी वेगळी लेन्स लागते. तिचा खर्च पहिल्या दिवसापासून धरायचा. डीएसएलआर घेणं म्हणजे गाडी घेणं नव्हे, नुसती चेसिस घेणं. वरची बॉडी कामाप्रमाणे बसवावी लागते.

रात्रीचं लग्न, आळंदीचं प्रस्थान, गणपतीची मिरवणूक यांचं काय?

इथेही नुसत्या बॉडीने काम होत नाही. सोबत आलेली लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ इतकीच उघडते. ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स त्याच्या सुमारे दहा पट प्रकाश आत घेते. या लेन्सला झूम नसतो, मागे-पुढे आपल्याला चालत व्हावं लागतं. पण माऊलींच्या पालखीच्या प्रस्थानासारख्या मंद उजेडात आणि दाटीत चेहरा टिपायचा, तर कमी पैशांत सर्वाधिक फरक हीच लेन्स पाडते.

मोबाइल पुरेसा नाही का?

बऱ्याच जणांना पुरेसा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आजचा बरा मोबाइल एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेतो आणि ते जोडून एक स्वच्छ फोटो देतो. स्थिर विषय, निसर्ग, घरगुती कार्यक्रम आणि संग्रामदुर्गाच्या तटबंदीच्या फोटोंत तो जुन्या कॉम्पॅक्टला सहज मागे टाकतो. जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्या खाली आला. यात सर्वात मोठा फटका कॉम्पॅक्टलाच बसला.

मोबाइल कमी पडतो तो तीन ठिकाणी : लांबचा विषय, वेगाने हलणारा विषय आणि मोठी प्रिंट. तुमचे हुकलेले फोटो या तिन्हींत बसत नसतील, तर बोनस बँकेत राहू द्या.

डीएसएलआर बंद होतोय, हे खरं का?

दुकानात तो मिळतो, जुन्या बाजारात तर भरपूर मिळतो. पण कंपन्यांचं लक्ष आता तिथे नाही. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये मोठ्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे आणले. २०२० मध्ये मिररलेसची विक्री डीएसएलआरच्या पुढे गेली. मिररलेसमध्ये आरसा नसतो, सेन्सरवरचं दृश्य छोट्या स्क्रीनवर दिसतं. कॅमेरा हलका होतो आणि नव्या मॉडेलमध्ये डोळे ओळखून फोकस धरण्याची सोय असते.

मग डीएसएलआर घेणं चूक का? तसं नाही. लोक मिररलेसकडे वळत असल्याने वापरलेल्या डीएसएलआर बॉडी आणि लेन्स स्वस्तात मिळतायत. शिकायला आणि शर्यतीला त्या अजूनही कामाच्या आहेत. मात्र पुढची दहा वर्षं याच मार्गाने जायचं असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर मिररलेसचा विचार आधी करावा. कॅननच्या डीएसएलआर लेन्स ॲडॉप्टर लावून त्यांच्या मिररलेसवर चालतात. निकॉनमध्ये थोडं जपून : जुन्या ‘एएफ-डी’ लेन्सचा फोकस ‘डी३०००’ आणि ‘डी५०००’ मालिकेतल्या बॉडीवर आपोआप होत नाही, कारण त्या बॉडीत मोटरच नसते.

खरा खर्च किती?

बॉडीच्या किमतीवर थांबू नका. कार्ड, जादा बॅटरी, बॅग, दुसरी लेन्स आणि रॉ फाइल वापरायच्या असतील तर त्या उघडणारा लॅपटॉप, हे सगळं बजेटमध्ये धरा. साधा नियम म्हणजे हाती ५० हजार असतील, तर निम्म्याहून जास्त बॉडीवर घालवू नका.

वजनही मोजा. बॉडी आणि लेन्स मिळून पाऊण किलोच्या आसपास जातं. कॉम्पॅक्ट खिशात राहतो म्हणून सोबत येतो. डीएसएलआर कपाटात राहिला, तर एकही फोटो काढत नाही.

चाकणकरांसाठी आणखी दोन गोष्टी. घाटातला आणि तळेगाव चौकातला धुरळा सेन्सरचा शत्रू आहे, उघड्यावर लेन्स बदलू नका. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी एवढं पुरतं.

जुना घेताना काय तपासायचं?

शटर किती वेळा पडलंय, ते विचारा. सुरुवातीच्या श्रेणीतल्या बॉडीसाठी साधारण एक लाख क्लिकचा अंदाज धरतात. लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून आत जाळं दिसतं का, ते बघा. मोकळ्या आकाशाचा फोटो काढून त्यात डाग येतात का, ते पाहा. मूळ बिल मागा. परदेशातून परस्पर आणलेल्या मालाला इथली वॉरंटी मिळेलच असं नाही. आगाऊ पैसे पाठवू नका, व्यवहार समोरासमोर करा.

मग ठरवायचं कसं?

मावसभावाला मी दोन कामं सांगितली. पहिलं, गेल्या वर्षभरात फसलेले वीस फोटो काढ आणि प्रत्येकासमोर कारण लिही. दुसरं, एका शर्यतीसाठी कॅमेरा भाड्याने आण. पुणे-पिंपरीत ओळखपत्र आणि अनामत देऊन बॉडी आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात.

वीसपैकी अकरा फोटो उशिरामुळे हुकले होते, पाच लांब पडले होते. उरलेले चार अंधारात हलले होते, आणि त्यातले तीन तर टेबलावर कॅमेरा टेकवला असता तरी वाचले असते.

दिवाळीनंतर शेजारच्या गावच्या घाटावर तो भाड्याची डीएसएलआर आणि ७०-३०० लेन्स घेऊन गेला. पहिल्या तासाभरातले सगळे फोटो वाया गेले, कारण शटरचा वेग बदलायचा राहिला होता. मग हात बसला. संध्याकाळी त्याने मामांना एक फोटो पाठवला : चारही पाय हवेत, पुढे घोडी, मागे धुरळा आणि खोंडाचा डोळा लख्ख.

त्याने अखेर वापरलेली बॉडी आणि तीच लेन्स घ्यायचं ठरवलं. उरलेला बोनस आईकडे दिला. जुना कॉम्पॅक्टही विकला नाही, तो आता धाकट्या बहिणीकडे आहे. तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं. पण दुकानात जाण्याआधी ती वीस फोटोंची यादी करा. त्यात काय लिहिलंय, त्यावरून कॅमेरा घ्यायचा, लेन्स घ्यायची की काहीच नाही, हे बरंचसं ठरून जातं.