न खेळलेली अंतिम लढत
मैदान आणि माणूस : लेखांक ७

मेक्सिकोच्या विजयमंचावर मुठी उंचावून उभ्या राहिलेल्या टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांच्याविषयी आपण गेल्या आठवड्यात वाचलं. आज पाहायचा आहे तो निषेधाचा दुसरा प्रकार : न खेळण्याचा. याची छायाचित्रं निघत नाहीत आणि त्याची किंमत खेळाडू वर्षानुवर्षं मोजत राहतो. भारतीय टेनिसनं ती १९७४ साली मोजली.

त्या वर्षी मे महिन्यात कोलकात्यात भारतानं डेव्हिस चषकाच्या लढतीत ऑस्ट्रेलियाला ३-२ असं हरवलं. विजय आणि आनंद या अमृतराज बंधूंनी दुहेरीचा सामना १७-१५, ६-८, ६-३, १६-१८, ६-४ असा जिंकला. टायब्रेकर नसलेल्या त्या जमान्यातले हे ९९ गेम होते. पुढे सप्टेंबरात पुण्यात आपण सोव्हिएत संघाला नमवलं आणि अंतिम फेरी गाठली. समोर होती दक्षिण आफ्रिका. हा चषक भारतानं त्याआधी कधी जिंकला नव्हता, आजवरही जिंकलेला नाही. त्या वर्षी तो हातातोंडाशी आला होता. पण वर्णद्वेषी राजवटीच्या संघाशी खेळायचं नाही, असं भारतानं ठरवलं आणि चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेला मिळाला. एक संघ उतरलाच नाही म्हणून अंतिम लढतीचा निकाल लागण्याची डेव्हिस चषकातली ही एकमेव वेळ.

हा निर्णय अमृतराज बंधूंनी घेतला नव्हता, तो सरकारचा आणि संघटनेचा होता, हे इथंच सांगितलं पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार भारतानं १९४६ सालीच संयुक्त राष्ट्रांपुढे नेली होती आणि त्याच वर्षी त्या देशाशी व्यापारही तोडला होता. टेनिसचा निर्णय त्याच धोरणातून आला. तरीही विशी-पंचविशीतल्या खेळाडूंच्या आयुष्यातली सर्वांत मोठी संधी त्यात गेली. मग हा त्याग कुणासाठी होता आणि तो कुणी मागितला होता?

‘खेळात राजकारण आणू नका’ हे वाक्य त्या काळात सतत ऐकू येई, आजही येतं. ते म्हणणाऱ्यांनी डर्बनच्या पापवा सेवगोलम यांची हकिकत जाणून घ्यावी. भारतीय वंशाचे सेवगोलम गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहत, वाढले. पाहून पाहूनच ते खेळ शिकले. काठी धरताना त्यांचे हात इतरांच्या उलटे असत, आणि तशाच पकडीनं त्यांनी डच ओपन स्पर्धा तीनदा जिंकली. १९६३ साली त्यांनी डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपन जिंकली, तेव्हा पाऊस पडत होता. क्लबची इमारत गोऱ्यांसाठी राखीव. त्यामुळे विजेत्याला त्याचा चषक बाहेर, पावसात उभं राहून घ्यावा लागला. ते छायाचित्र जगभर छापलं गेलं. दोन वर्षांनी त्याच स्पर्धेत त्यांनी गॅरी प्लेअरसारख्या दिग्गजाला मागं टाकलं आणि त्यानंतर सरकारनं त्यांना गोऱ्यांच्या स्पर्धांची दारंच बंद केली. कुणी कुठल्या मैदानावर खेळायचं, कुठं बसायचं, कुठल्या दारानं आत यायचं, हे सारं तिथं सरकारच ठरवत होतं. राजकारण खेळात आधीपासूनच होतं. बहिष्कारवाल्यांनी फक्त त्याकडे बोट दाखवलं.

हे बोट सर्वांत आधी दाखवलं ते दक्षिण आफ्रिकेतल्याच माणसांनी. डेनिस ब्रूटस हे शिक्षक आणि कवी. गोऱ्यांच्या ऑलिंपिक समितीला विरोध करणारी, वंशभेद न मानणारी संघटना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला उभी केली. १९६३ साली त्यांना अटक झाली. जामिनावर असताना ते देशाबाहेर निसटले, पण मोझांबिकमध्ये पोर्तुगीजांनी पकडून परत पाठवलं. जोहान्सबर्गमध्ये पुन्हा पळून जाताना पोलिसांनी त्यांना पाठीत गोळी घातली. त्यातून वाचले ते रॉबेन बेटावरच्या तुरुंगात दगड फोडायला. दरम्यान १९६४ सालच्या टोकियो ऑलिंपिकचं दक्षिण आफ्रिकेचं निमंत्रण मागं घेण्यात आलं होतं. १९७० साली ऑलिंपिक चळवळीतून त्या देशाची हकालपट्टी झाली. एका कैद्याच्या मागणीला मिळालेलं एवढं मोठं यश खेळाच्या इतिहासात मला दुसरं दिसत नाही.

क्रिकेटमध्ये हेच काम गोरेतरांच्या क्रिकेट मंडळाचे प्रमुख, केपटाउनचे हसन होवा यांनी केलं. बेसिल डॉलिव्हेरांचं प्रकरण आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गोरे नाहीत म्हणून मायदेशी संधी नाही, म्हणून ते इंग्लंडला गेले, इंग्लंडकडून खेळले, १९६८ साली ओव्हलवर १५८ धावा केल्या, आणि त्यांची निवड झाली म्हणून पंतप्रधान फोर्स्टर यांनी इंग्लंडचा संघच नाकारला. त्याविषयी अधिक लिहीत नाही. होवांचा पेच याहून अवघड होता. १९७१ साली गोऱ्यांच्या क्रिकेट मंडळानं ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी दोन गोरेतर खेळाडू नेण्याची तयारी दाखवली. सरकारनं ती धुडकावली, तेव्हा न्यूलँड्सच्या एका सामन्यात प्रॉक्टर, रिचर्ड्स, पोलॉक यांच्यासह गोरे खेळाडू एक चेंडू टाकून मैदानाबाहेर गेले. त्यांनी निवेदन दिलं आणि थोड्या वेळानं परत येऊन सामना खेळले. त्या निषेधाची मला कदर आहे. पण होवांनी त्या दोन जागा आधीच नाकारल्या होत्या. शोभेसाठी दोघांना बरोबर नेऊ नका. शाळा, मैदानं, निवड सारं सगळ्यांना खुलं करा, मग बोलू, ही त्यांची भूमिका. समाजच सरळ नसताना खेळ सरळ असल्याचं सोंग करायचं नाही, ही घोषणा त्यांच्याच नावाशी जोडली गेली.

आता यातली किंमत पाहा. सरकारी परवानगीनं भरणाऱ्या मिश्र स्पर्धेत जो खेळेल, त्याला होवांच्या बाजूच्या संघटना दार बंद करत. म्हणजे ज्या तरुणांवर आधीच अन्याय होत होता, त्यांनाच वर सांगितलं जाई की मिळालेली अर्धी संधीही घेऊ नका. ओमर हेन्री या फिरकी गोलंदाजानं ते मानलं नाही. तो गोऱ्यांच्या स्पर्धांत खेळला आणि स्वतःच्या समाजाचा रोष त्यानं ओढवून घेतला. त्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही. क्रिकेटपटूच्या हातात वर्षं किती असतात?

आर्थर अ‍ॅशनंही आधी जाण्याचीच बाजू घेतली होती. आधी व्हिसा नाकारला गेल्यावर अखेर १९७३ साली या अमेरिकी टेनिसपटूला जोहान्सबर्गला खेळू दिलं गेलं. प्रेक्षकांत काळे-गोरे वेगळे बसवायचे नाहीत, ही त्याची अट होती. काळा माणूस मोकळेपणानं वावरताना तिथल्या पोरांना दिसावा, हा त्याचा हेतू. पुढे त्याचं मत बदललं. बहिष्काराच्या चळवळीत तो पुढे आला आणि १९८५ साली वॉशिंग्टनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर निदर्शनं करताना त्यानं अटक करून घेतली. विवेकी माणसाचा झालेला हा मतबदल मला बहिष्काराच्या बाजूनं मोठा पुरावा वाटतो.

या साऱ्याचा शेवट आपल्या ओळखीचा आहे. नोव्हेंबर १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ ईडन गार्डन्सवर उतरला. पुढच्या नोव्हेंबरात भारत डर्बनला कसोटी खेळला. मुंबईच्या प्रवीण आमरेनं पदार्पणातच तिथं शतक काढलं, म्हणून मराठी वाचकांना तो सामना आठवत असेल. त्याच कसोटीत समोरच्या संघातून ओमर हेन्रीनंही पदार्पण केलं, वयाच्या चाळिसाव्या वर्षी.

बहिष्कारानं एकट्यानं ती राजवट पाडली, असं मी म्हणणार नाही. आर्थिक निर्बंध, तुरुंगात खितपत पडलेले नेते, रस्त्यावर उतरलेली माणसं, हे सारं त्यात होतं. पण खेळावर जीव टाकणाऱ्या गोऱ्या मतदाराला आपण जगाला नकोसे झालो आहोत, हे मैदानानं जितक्या लवकर कळवलं तितकं दुसऱ्या कशानंच कळवलं नाही, अशी माझी खात्री आहे.

होवांच्या मंडळाचे खेळाडू मधली सगळी वर्षं आपापसांत खेळत राहिले. त्यांच्या सामन्यांना त्या वेळी अधिकृत नोंदवह्यांत जागा नव्हती. नंतर त्यांना प्रथमश्रेणीचा दर्जा देण्यात आला. क्रिकेटचे आकडे आवडीनं पाहणाऱ्या वाचकांनी होवा बोल स्पर्धेचे ते धावफलक एकदा जरूर शोधावेत आणि त्यांतली नावं वाचावीत. पुढच्या आठवड्यात न्यूझीलंडला जाऊ. १९८१ साली हॅमिल्टनमध्ये निदर्शकच मैदानात उतरले आणि दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा रग्बीचा सामना रद्द करावा लागला.