कपाटामागे पळणारे ते बारीक ठिपके ढेकणाची पिल्लं आहेत का? असे ओळखा

पावसाळ्यात बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात, उल्हास नदीलगतच्या वस्तीत, घराच्या भिंतींना ओल धरते. मग कपाटामागे, जुन्या पुस्तकांत किंवा रव्याच्या डब्यात राखाडी ठिपके धावताना दिसतात. "ढेकूण झाले!" म्हणत आपण थेट औषध फवारतो. पण ते बहुतेकदा ढेकूण नसतातच.

मग हे आहेत कोण?

लिपोसेलिस. ही एकच जात नाही. अनेक जवळच्या जातींची मिळून ही एक प्रजाती आहे. इंग्रजीत यांना 'बुकलाइस', म्हणजे पुस्तकातल्या उवा म्हणतात. डोक्यातल्या उवांशी यांचं नातं जवळचं, पण हे रक्त पीत नाहीत, चावतही नाहीत. ओलीवर वाढणारी बुरशी आणि पिठाचे कण हे यांचं खाणं.

ओळखायचं कसं?

मोबाइलच्या कॅमेऱ्यातून झूम करा किंवा साधं भिंग घ्या आणि हे तपासा:

• लांबी जेमतेम १ मिलिमीटर, अंग चपटं, पंख बहुधा नसतात.
• मिशा धाग्यासारख्या लांब. ढेकणाच्या मिशा आखूड असतात.
• पाय सहा. पिठात सापडणाऱ्या माइटला आठ पाय असतात आणि मिशा नसतात.
• मागच्या मांड्या रुंद आणि चपट्या. ही सगळ्यात मोठी खूण! ओल्या घरात राहणाऱ्या ट्रोजियम या भाऊबंदाच्या मांड्या बारीक असतात.

यापुढे नेमकी जात ओळखायला मात्र सूक्ष्मदर्शक लागतो.

इतके वाढतात कसे?

घरांत नेहमी सापडणाऱ्या 'बोस्ट्रिकोफिला' जातीत बहुतेक ठिकाणी फक्त माद्याच असतात. नराशिवाय त्या अंडी घालतात, म्हणजे एक मादीही पुरेशी. शिवाय हे किडे दमट हवेतली वाफ अंगात शोषून घेतात. हवा कोरडी झाली, की सुकून मरतात.

मग करायचं काय?

स्वयंपाकघरात विष फवारून ओल जात नाही, आणि ओल आहे तोवर किडे परत येतात. कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा. बुरशी पुसून जागा कोरडी करा. पुस्तकांना आणि धान्याला ऊन दाखवा. रवा-पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, थोडं थोडंच भरा. काहींना या किड्यांची अॅलर्जी होऊ शकते, म्हणून किडे झालेलं पीठ टाकून द्या.

थोडक्यात, हा किडा दिसला तर औषधाची बाटली शोधण्याआधी भिंतीवरून हात फिरवून बघा. ओल कुठे आहे, ते कळेल.