टपरीवरचं जग (भाग ६) : वरून काय घालू?

गेल्या आठवड्यात आपण पावाबद्दल बोललो. आज पावाच्या सोबत्याकडे, सॉसेजकडे वळू. बारीक केलेलं मांस आणि चरबी एका सालीत ठासून भरायची, एवढाच त्याचा गाभा. बर्लिन, सांतियागो किंवा रेक्याविक, कुठल्याही शहरात रस्त्यावरच्या गाडीपाशी उभं राहा, आतली नळी बरीचशी ओळखीची लागते. गाव ओळखू येतं ते वरून काय घातलंय त्यावरून. मिसळीचंही तसंच आहे. उसळ सगळीकडे उसळच, पण ती कोल्हापूरची की पुण्याची हे कट आणि वरचं फरसाणच सांगतं.

बर्लिनची गोष्ट मला यात सर्वांत जवळची वाटते. दिवस ४ सप्टेंबर १९४९. युद्धात शहराची राखरांगोळी झालेली, सोव्हिएत नाकेबंदी उठून जेमतेम चार महिने लोटलेले. शार्लोटेनबुर्ग हा भाग ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि तिथे हेर्टा हॉयवर या बाईंची सॉसेजची टपरी होती. त्या दिवशी त्यांनी टोमॅटो, करी पावडर आणि आणखी काही मसाले घालून एक दाट रस्सा केला आणि तळलेल्या सॉसेजच्या तुकड्यांवर ओतला. करी पावडर त्यांना ब्रिटिश सैनिकांकडून मिळाली, असं सांगतात. हाच तो करीवुर्स्ट. १९५९ मध्ये त्यांनी आपल्या सॉसचं ‘चिलप’ हे नाव रीतसर नोंदवून घेतलं. कृती मात्र कुणाला दिली नाही. १९९९ मध्ये त्या वारल्या आणि कृतीही त्यांच्याबरोबर गेली. टपरी जिथे होती तिथे २००३ पासून त्यांच्या नावाचा फलक आहे. टपरीवाल्या बाईचा असा मान एखादं शहर राखतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता त्या करी पावडरकडे बघा. आपल्या घरात गोडा मसाला असतो, कांदा-लसूण मसाला असतो, मालवणी मसाला असतो; करी पावडर कुणाची आजी कुटत नव्हती. हिंदुस्थानात राहून परतलेल्या इंग्रजांना इथल्या जेवणाची चव घरी हवी होती, म्हणून हळद, धणे, जिरे, मेथी एकत्र करून लंडनच्या दुकानांत तयार पूड विकायला सुरुवात झाली. हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. म्हणजे आपल्याकडचे मसाले आधी लंडनला गेले, तिथे त्यांचं रूप बदललं, आणि दीडशे वर्षांनी पडक्या बर्लिनमध्ये भुकेल्या माणसांच्या ताटलीत पोचले. आज फोक्सवागन ही मोटारी बनवणारी कंपनी १९७३ पासून स्वतःचा करीवुर्स्ट बनवते आणि त्याला गाडीच्या सुट्या भागासारखा क्रमांकही आहे. २०२१ मध्ये वोल्फ्सबुर्गच्या मुख्यालयातल्या एका कॅन्टीनमधून तो काढला, तेव्हा माजी चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. २०२३ मध्ये तो परत आला.

हळदीचा पिवळा रंग डेन्मार्कमध्येही भेटतो. कोपनहेगनच्या रस्त्यांवर १९२१ पासून सॉसेजच्या गाड्या उभ्या राहतात. तिथलं सॉसेज लालभडक, त्यावर कच्चा कांदा, कुरकुरीत तळलेला कांदा, काकडीचं गोडसर लोणचं आणि हळदीने पिवळट झालेला रेमुलाद हा मेयोनेजसारखा सॉस. आइसलँडने यातलं बरंच उचललं, पण मांस मुख्यतः कोकराचं. तो मेंढ्यांचा देश आहे. रेक्याविकच्या बंदराजवळची १९३७ पासूनची टपरी आजही चालू आहे. तिथे ‘सगळं घालून एक’ असंच मागायचं असतं.

चिलीत सॉसेजचं नाव ‘विएनेसा’, म्हणजे व्हिएन्नाचं. पावात ते ठेवून वर टोमॅटो, आंबवलेला कोबी आणि मेयोनेज घातलं की झाला ‘कोम्प्लेतो’. कोबीमागे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चिलीच्या दक्षिणेत वसलेले जर्मन शेतकरी आहेत. पण लोकांचा खरा जीव ‘इतालियानो’वर. कोबीऐवजी अवोकाडोचा हिरवा लगदा, पांढरं मेयोनेज, लाल टोमॅटो. इटलीच्या झेंड्याचे तीन रंग, म्हणून हे नाव. अवोकाडोला चिलीत ‘पाल्ता’ म्हणतात आणि तो इतका मुबलक घालतात की सॉसेज दिसेनासं होतं. अवोकाडो तिथे घरचा माणूस आहे, हे त्या ढिगावरून कळतं. संध्याकाळच्या चहाबरोबर हे घरीही करतात.

आपल्या शेजारी गोव्यात मात्र चोरिस या तिथल्या सॉसेजवर वरून काही घालत नाहीत, कारण सगळं आधीच आत असतं. सॉसेज पोर्तुगिजांनी आणलं, मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. गोंयकारांनी त्यात लसूण, आलं, मसाले आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर घातलं. डुकराच्या मांसाचे तुकडे या मसाल्यात मुरवून, आतड्यात भरून, गाठी मारून उन्हात वाळवतात. माळेसारख्या लडी होतात. शिजवताना साल काढून टाकतात, कांदा-बटाटा घालतात आणि सुटलेल्या लाल तेलात पाव किंवा पोळी बुडवून खातात. ही पोळी म्हणजे आपली चपाती नव्हे, कोंड्याचा गोल पाव.

मे महिन्यात गोव्यात असाल तर पुरुमेंताच्या बाजारात जरूर जा. पावसाळ्याची बेगमी करायला लोक तिथे सुकी मासळी, आमसुलं आणि मिरच्यांबरोबर चोरिसच्या लडीही घेतात.